कमी पैशांत न हलणारा ट्रायपॉड: पाय आणि बॉल हेड निवडायची रीत

हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याच्या काठापासून जरा आत, एप्रिलातल्या एका रात्री मी माझा पहिला ट्रायपॉड लावला होता. वजन जेमतेम सव्वा किलो, पाय बोटाएवढे बारीक, वर कॅमेरा धरणारं प्लास्टिकचं हेड. खोक्यावर ठळक छापलं होतं की हा ५ किलो पेलतो. माझा कॅमेरा आणि लेन्स मिळून किलोभरही भरत नव्हते. रात्रभरात ३० सेकंदांच्या चाळीसेक फ्रेम्स घेतल्या, सकाळी पाचनईला उतरलो, आणि घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तर प्रत्येक ताऱ्याला बारीक शेपूट फुटलेलं. तारे सरकल्यामुळे पडते तशी सरळ रेघ नव्हती ती, स्वल्पविरामासारखा वाकडा ठिपका होता. कड्यावरून वर चढणारा वारा पाय हलवत होता आणि अंधारात मला ते कळलंच नव्हतं.

पुढे आणखी एक घेतला, तोही दोन वर्षांत बदलावा लागला. तिसरा आज नऊ वर्षं माझ्याकडे आहे. तिघांवर मिळून जेवढे पैसे गेले तेवढ्यात तो तिसरा पहिल्याच खेपेला आला असता आणि वर थोडे उरले असते. ज्याच्या हातात मोजकेच पैसे आहेत त्याला ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

मुद्दा एकच आहे. हलका, भक्कम आणि स्वस्त, या तिन्हींपैकी एका ट्रायपॉडमध्ये दोनच गुण मिळतात. पैसे कमी असतील तर आधी हलकेपणा सोडा, मग उंची सोडा. भक्कमपणा सोडू नका, कारण पैसे आपण त्याचेच मोजतो.

आधी घरचा हिशोब

दुकानात किंवा ऑनलाइन शोधाशोध करण्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. बॅटरी आणि कार्डासकट कॅमेरा, त्यावर तुमची सर्वांत जड लेन्स, असं वजन करा. आकडा लिहून ठेवा. सुरुवातीचा डीएसएलआर आणि सोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स साधारण ७०० ग्रॅमच्या आसपास भरते. ७०-३०० लावली तरी बहुतेकांचं सामान दीड किलोच्या आत राहतं. १५०-६०० सारखी पक्ष्यांची लेन्स मात्र एकटीच २ किलोंच्या घरात जाते. तिच्यासाठीचा ट्रायपॉड हा निराळाच विषय आहे आणि कमी पैशांत तो नीट सुटत नाही.

पण वजनापेक्षाही लेन्सची लांबी, म्हणजे तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा (फोकल लेंथ), जास्त महत्त्वाची. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या आणि त्यावर २०० मिमीची लेन्स लावा. १०० मीटरवरच्या वस्तूचे ३ मिलिमीटर फोटोत एका पिक्सेलएवढे होतात. म्हणजे एका अंशाचे ५८० भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा कॅमेरा फिरला, की चित्र एक पिक्सेल सरकलं. २० मिमीच्या लेन्सला याच्या दहापट मोकळीक असते. म्हणून जो ट्रायपॉड रुंद लेन्सवर उत्तम वाटतो तोच ३०० मिमीवर निकामी ठरू शकतो. निवड करताना जी सर्वांत लांब लेन्स तुम्ही खरोखर ट्रायपॉडवर लावणार आहात, ती डोळ्यांपुढे ठेवा.

मग स्वतःला विचारा, ट्रायपॉड कुठे लावणार? मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी इथले काजवे टिपायचे असतील तर अंधारात हाताला पायांचं लॉक सापडणं आणि २०-३० सेकंद काहीही न हलणं महत्त्वाचं. कास पठारावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं जवळून घ्यायची तर ट्रायपॉड जमिनीला टेकण्याइतका खाली गेला पाहिजे, आणि तोही वाटेच्या कडेला लावून, फुलांवर पाय न रोवता. गडावर चढून जायचं असेल तर दुमडलेली लांबी पाहावी लागते, कारण सॅकच्या बाजूला बांधलेला लांब ट्रायपॉड कातळटप्प्यावर अडकतो आणि तोल घालवतो.

आणि काही ठिकाणी ट्रायपॉड लागतच नाही, हेही आधीच कळलेलं बरं. ताडोबाच्या जिप्सीत तो उभा करायला जागा नसते. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीवर लावला तर होडीबरोबर तोही डुलतो. अशा ठिकाणी बीन बॅग. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलेली पिशवी आणि आत किलोभर तांदूळ किंवा राजमा. प्रवासात रिकामी न्यायची, पोचल्यावर भरायची. गडाच्या तटबंदीवर, पुलाच्या कठड्यावर, गाडीच्या खिडकीवर ती स्वस्तातल्या कुठल्याही ट्रायपॉडपेक्षा सरस काम करते. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या लेण्यांमध्ये तर परवानगीशिवाय ट्रायपॉड लावू देत नाहीत. तुमचे फोटो बहुतांशी अशाच ठिकाणचे असतील तर हे पैसे सध्या राखून ठेवा.

उंचीचा आकडा कसा काढायचा

जाहिरातीतली सर्वांत मोठी उंची बहुतेक वेळा सेंटर कॉलम, म्हणजे मधला वर-खाली सरकणारा दांडा, पूर्ण वर काढून मोजलेली असते. तो आकडा सोडून द्या. 'कॉलम खाली असताना' किंवा 'कॉलमशिवाय' अशी उंची शोधा.

माझी उंची १७० सेंटिमीटर. डोळे साधारण १५८ वर. बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर कॅमेरा फिरवणारं हेड, १० सेंटिमीटर उंच आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडर ८ सेंटिमीटर, असे १८ वजा केले तर १४० उरतात. म्हणजे न वाकता पाहायचं तर पाय १४० सेंटिमीटरचे हवेत. उतारावर खालच्या बाजूचे पाय लांबवावे लागतात, म्हणून आणखी १०-१५ असले तर आराम.

पण पैसे कमी असताना इथेच तडजोड करायची. कॅमेऱ्याचा स्क्रीन फिरणारा असेल तर १२०-१२५ सेंटिमीटर पुरतात. थोडं वाकावं लागतं, पण त्याने फोटो बिघडत नाही. माझे निसर्गचित्रांचे बरेचसे फोटो कमरेच्या उंचीवरूनच आहेत, कारण पुढचा कातळ किंवा गवत चित्रात यायचं तर खालूनच घ्यावं लागतं. शिवाय नुसत्या नळीचा विचार केला तर तिचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. १२० ऐवजी १५० सेंटिमीटरची तशीच नळी जवळजवळ दुप्पट लवते. उंची सोडली की भक्कमपणा फुकट पदरात पडतो, तो असा.

पायांच्या नळीची जाडी

सगळा भाग घाईत वाचणार असाल तरी एवढा सावकाश वाचा. ट्रायपॉड किती भक्कम आहे याचा एका आकड्यात अंदाज हवा असेल तर तो आकडा 'किती किलो पेलतो' हा नाही. त्या मापाला सगळ्या कंपन्यांना लागू होईल असं एक प्रमाण नाही, प्रत्येक कंपनी आपल्या रीतीने ठरवते. आणि न मोडता पेलणं वेगळं, न थरथरता धरणं वेगळं. माझा तो पहिला ट्रायपॉड ५ किलोंनी मोडला नसता. तो थरथरत मात्र एक किलोलाही होता. दोन वस्तूंची तुलना करायची तर एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांपुरता हा आकडा कामाचा, आणि तेव्हाही तुमच्या सामानाच्या निदान तिप्पट हवा.

पाहायची ती सर्वांत वरच्या, जाड नळीची बाहेरची जाडी, मिलिमीटरमध्ये. बाजारात साधारण २२, २५, २८ आणि ३२ अशी मापं मिळतात. पत्र्याची जाडी सारखी धरली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो. २२ पेक्षा २८ ची नळी दुपटीहून किंचित जास्त ताठ. दिसायला फरक सहाच मिलिमीटरचा. एक-दीड किलोच्या सामानासाठी २५ ही खालची मर्यादा समजा आणि शक्य असेल तिथे २८ घ्या. कंपनीने नळीचं माप कुठेच दिलेलं नसेल तर तो ट्रायपॉड यादीतून काढायला मला एवढं कारण पुरतं.

आता टप्पे. एक नळी दुसरीत सरकायची तर आतली बारीक हवी, आणि दर टप्प्याला साधारण ३ मिलिमीटर कमी होतात. २८ पासून सुरू झालेल्या चार टप्प्यांच्या पायाचा तळ १९ वर येतो, पाच टप्प्यांचा १६ वर. २५ पासून सुरू केलं तर चौथाच टप्पा १६ चा. सगळा भार शेवटी त्या बारीक नळीवर उभा असतो. शिवाय प्रत्येक लॉक ही एक ढिलाई शिरायची जागा. म्हणून तीन टप्प्यांचा सर्वांत भक्कम, पण दुमडल्यावर लांब राहतो. गडावर नेणाऱ्याला चार टप्पे ठीक. पाच टप्प्यांचे, पाय उलटे दुमडणारे छोटे ट्रायपॉड प्रवासाला फार मोहात पाडतात. स्वस्तातला पाच टप्प्यांचा मात्र घेऊ नका.

तोच ट्रायपॉड जास्त ताठ वापरायचीही एक सोपी रीत आहे. पूर्ण उंची लागत नसेल तेव्हा वरचे जाड टप्पे आधी उघडा आणि सर्वांत खालची काडी आतच राहू द्या.

लॉक दोन प्रकारचे, खटक्याचे आणि पिळाचे. खटक्याचं लॉक लागलं की नाही ते अंधारातही बोटांना कळतं, आणि ढिलं झालं तर बहुतेकांत एक स्क्रू आवळून ते पुन्हा घट्ट होतं. पिळाचं आटोपशीर असतं, झाडाझुडपात अडकत नाही, पण त्यात वाळू गेली की करकरायला लागतं. स्वस्त वर्गात मला खटक्याचं जास्त विश्वासाचं वाटतं, मात्र खटका धातूचा हवा किंवा निदान जाड तरी.

सेंटर कॉलम, ॲल्युमिनियम आणि कार्बन

कॉलम वर काढला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखं होतं. वाऱ्यात तो काढायचाच नाही. निवडताना दोन गोष्टी पाहा: तो खाली असताना पूर्ण घट्ट बसतो का, आणि खाली बसण्यासाठी तो काढता किंवा आखूड करता येतो का. लांब कॉलम असलेल्या ट्रायपॉडचे पाय कितीही फाकले तरी कॉलमच जमिनीला आधी टेकतो. कॉलम उलटा घालून कॅमेरा पायांमध्ये लटकवता येतो असं सांगतात. मी कासला तसं करून पाहिलं. कॅमेरा उलटा, बटणं उलटी, आणि प्रत्येक फ्रेममध्ये एखादा पाय. कॉलमच्या तळाशी हूक असेल तर चांगलंच, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

कार्बन फायबर हलकं, थरथर लवकर जिरवणारं, आणि थंडीत हाताला चटका न देणारं. ते घेता आलं तर आनंदच आहे. पण तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमपेक्षा वजन साधारण पाव भागाने कमी होतं, आणि पैसे त्या मानाने पुष्कळच वाढतात. मोजक्या पैशांत २२ मिमीचं कार्बन आणि २८ मिमीचं ॲल्युमिनियम असा पेच आला तर डोळे मिटून ॲल्युमिनियम घ्या. अर्धा किलो जास्त वाहावं लागेल. गडावर वाऱ्यात तो अर्धा किलो उपयोगाचाच असतो.

बॉल हेड

हेड पायांना जोडतात त्या स्क्रूचं माप ३/८ इंच, कॅमेऱ्याच्या तळाशी असतं ते १/४ इंच. ही मापं जगभर सारखी. म्हणून ज्या ट्रायपॉडचं हेड फिरवून निघतं तोच घ्या, आणि निघाल्यावर खाली ३/८ चा स्क्रू दिसला पाहिजे. मग आज सोबत आलेलं हेड वापरा, दोन वर्षांनी फक्त हेड बदला. पायांना धक्का लागत नाही. अगदी स्वस्त ट्रायपॉडचं हेड कायमचं जडवलेलं असतं, लांब दांड्याचं आणि व्हिडिओ हेड म्हणून विकलेलं. ते बिघडलं की सगळंच भंगारात.

बॉल हेडचं मुख्य माप म्हणजे आतल्या गोळ्याचा व्यास. गोळा मोठा तर धरायला पृष्ठभाग जास्त आणि कमी जोराने पक्कं धरता येतं. छोट्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यासाठी ३० मिमीच्या आसपास चालतो. डीएसएलआर आणि ७०-३०० साठी ३६ घ्या. ४४ चा जड लेन्ससाठी. पण पायांना न शोभणारं मोठं हेड लावून फायदा नाही, वरचं वजन वाढतं आणि ट्रायपॉड कलंडायला बघतो.

मग नॉब मोजा. एक मुख्य, गोळा आवळणारा. दुसरा तळाचा, आडवं फिरवण्यासाठी. तिसरा घर्षणाचा, आणि स्वस्त हेडमध्ये नेमका तोच नसतो. घर्षण नीट लावलं असेल तर मुख्य नॉब ढिला केल्यावर कॅमेरा धाडकन पडत नाही, हाताने ढकलाल तिथे थांबतो. हा नॉब नसलेल्या हेडवर माझी लेन्स एकदा पायाच्या नळीवर आपटली आहे. फिल्टरची कड वाकली, लेन्स वाचली. तेव्हापासून मी या नॉबसाठी थोडे जास्त पैसे द्यायला तयार असतो.

बॉल हेडची खरी परीक्षा म्हणजे आवळल्यानंतरचं घसरणं. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एखादा ठिपका घ्या, नॉब आवळा, हात सोडा. ठिपका किंचित खाली जातोच. रुंद लेन्सवर हे कळत नाही, २०० मिमीवर दर वेळी चौकट थोडी वर धरून आवळायची सवय लावावी लागते. घसरण थोडी आणि दर वेळी सारखीच असेल तर चालवून घ्या. आवळल्यावर मिनिटभराने सुद्धा सरकत राहत असेल तर ते हेड नको.

हेमाडपंती देवळाचे खांब सरळ उभे आणायचे असतील तर तीन दांड्यांचं हेड बॉल हेडपेक्षा सोयीचं, कारण एक दिशा सरळ केली की दुसरी बिघडत नाही. व्हिडिओत कॅमेरा सावकाश फिरवायचा तर फ्लुइड हेडच लागतं, बॉल हेडवर ती हालचाल गुळगुळीत येत नाही. पण चढून जायचं आणि भराभर चौकट लावायची, याला बॉल हेडच.

प्लेट: छोटी वस्तू, मोठा मनस्ताप

माझ्या दुसऱ्या ट्रायपॉडची प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये बसवायची पट्टी, त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलला बसणारी, चौकोनी, प्लास्टिकची. एका सप्टेंबरात ती ओल्या गवतात पडली आणि सापडली नाही. ट्रायपॉड धडधाकट, कॅमेरा धडधाकट, आणि दोन्ही जोडायला काही नाही. तशी प्लेट सुटी कुठेच मिळाली नाही.

म्हणून आर्का-स्विस पद्धतीचीच प्लेट आणि ती धरणारा क्लॅम्प घ्या. कडा तिरक्या असलेली, साधारण ३८ मिमी रुंदीची ही पट्टी आता अनेक कंपन्या बनवतात आणि एकीची दुसरीत बसते. अगदी सगळ्यांची रुंदी तंतोतंत नसते, म्हणून झटपट खटक्याच्या क्लॅम्पपेक्षा पिळून आवळायचा क्लॅम्प घ्या, तो थोडाफार फरक सांभाळून घेतो. प्लेट सहज निसटून पडू नये म्हणून तिच्या टोकाला खाली बारीक स्क्रू असतात. ते काढून टाकू नका. आणि एक जादा प्लेट पहिल्याच दिवशी घ्या.

उभे फोटो बरेच घेत असाल तर तुमच्या कॅमेऱ्याच्या आकाराची एल प्लेट (इंग्रजी L सारखी काटकोनी) पाहा. बॉल हेडच्या खाचेत कॅमेरा आडवा पाडला की सगळं वजन एका बाजूला लोंबतं. एल प्लेटने कॅमेरा उभा करूनही भार मधोमध राहतो.

पैशांची वाटणी

हातात १० हजार असतील तर मी अशी वाटणी करीन: पायांना ६, बॉल हेडला ३, आणि उरलेल्या हजारात जादा प्लेट आणि वायरचा रिमोट. दोन्ही एकत्र येणारा संच घेतला तर बरेचदा स्वस्त पडतो, फक्त हेड निघतं का, नळी किती जाड आणि गोळा किती मोठा, हे तिन्ही तपासा. बेनरो, सिरुई, व्हॅनगार्ड, मॅनफ्रोटो, के अँड एफ, डिजिटेक ही नावं आपल्याकडे दिसतात. प्रत्येकाकडे चांगले-वाईट दोन्ही आहेत. नावापेक्षा मॉडेलचे आकडे वाचा.

हातात ५-६ हजारच असतील तर पायांवर भर द्या आणि सोबतचं साधं हेड सध्या चालवा. थरथरणाऱ्या पायांवर भारी हेड लावून काहीच साधत नाही. ३ हजारांच्या आतच जमत असेल तर मी प्रामाणिकपणे सांगेन, थांबा. बीन बॅग शिवा, दोन-तीन महिने पैसे साठवा, किंवा वापरलेला शोधा.

वापरलेला ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड हा कमी पैशांतला सर्वांत चांगला सौदा आहे असं माझं ठाम मत आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक काही नसतं, जुना होऊन बिघडेल असं फार थोडं असतं. कार्बन घेतलेले लोक जुना जड ट्रायपॉड कमी भावात काढतात. फक्त नळीला पोचा नाही ना, आटे झिजले नाहीत ना, पायाचे रबर आहेत ना, हेड फिरवून निघतं ना, आणि प्लेट सोबत आहे ना, हे पाहा. गंजून अडकलेलं हेड पान्याने सोडवताना पायांचा माथाच तुटतो, त्या भानगडीत पडू नका.

दुकानातली पंधरा मिनिटं

शक्य असेल तर ट्रायपॉड हाताळूनच घ्या. मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारच्या गल्लीत कॅमेऱ्याची दुकानं जवळजवळ आहेत, एका दुपारी तीन-चार ठिकाणी पाहता येतं. गर्दीची वेळ टाळून जा आणि स्वतःचा कॅमेरा, सर्वांत लांब लेन्स घेऊन जा.

पाय पूर्ण उघडा, कॉलम खालीच ठेवा. माथ्यावर तळवा ठेवून जोर द्या, एकही टप्पा आत सरकता कामा नये. मग माथा दोन्ही हातांनी धरून दाराच्या मुठीसारखा पिळा. स्वस्त ट्रायपॉड इथे उघडा पडतो: वरून जोर दिला तर टिकतो, पिळला की पाय वळतात. माथ्याला जिथे पाय जोडलेले आहेत तिथे खटखट आवाज किंवा मोकळीक जाणवली तर तो बिजागरीचा स्क्रू आवळून जातो का, ते विचारा.

आता कॅमेरा लावा, लांब लेन्स लावा, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) सुरू करून चित्र दहापट मोठं करा. समोरच्या एखाद्या पाटीवरच्या अक्षरावर रोखा आणि लेन्सच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा. अक्षर थरथरेल. ते शांत व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. एक-दीड सेकंदात थांबलं तर उत्तम. तीन-चार सेकंद डोलत राहिलं तर दुसरा बघा. दोन ट्रायपॉडमध्ये निवड अडली असेल तर माझ्या मते हीच परीक्षा निकाल देते, खोक्यावरचं काहीच नाही.

शेवटी बॉल हेडची घसरण वर सांगितली तशी पाहा, प्रत्येक लॉक दोनदा उघडबंद करा, पाय फाकवायच्या प्रत्येक कोनात थांबतात का पाहा. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत संपायच्या आत हेच सगळं घरी करा. पहिल्या सहलीपर्यंत खोकं बंद ठेवू नका.

लावताना

एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे, दोन तुमच्याकडे. मधल्या जागेत उभं राहता येतं आणि पुढे झुकणारं वजन एका पायावर तोललं जातं. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला, एक वर. कातळावर रबर, मातीत दाबून रोवा.

वारा असेल तर कॉलमच्या हुकाला सॅक अडकवा, पण ती अधांतरी लोंबू देऊ नका, तिचा तळ जमिनीला टेकलेला असू द्या. लोंबणारी सॅक घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो.

शटर बोटाने दाबू नका, रिमोट नसेल तर २ सेकंदांचा टायमर लावा. अनेक डीएसएलआरमध्ये आरसा आधी वर उचलायची सोय असते, असेल तर ती वापरा. आरशाच्या धक्क्याचा त्रास सर्वांत जास्त होतो तो साधारण १/३० ते १ सेकंदाच्या दरम्यान. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद करा. काही नव्या कॅमेऱ्यांना ट्रायपॉड ओळखता येतो, तरी एकदा चालू आणि बंद असे दोन फोटो घेऊन स्वतः पडताळा.

आणि पहिली फ्रेम घेतली की लगेच स्क्रीनवर मोठी करून पाहा. कोकणकड्यावर मी हे केलं असतं तर पाय निम्मे आत घेऊन, सॅक अडकवून, खडकाच्या आडोशाला तोच ट्रायपॉड कदाचित निभावला असता.

समुद्रावरून आल्यावर

गुहागरला, मालवणला लाटांत ट्रायपॉड लावणार असाल तर वर सांगितलेला नियम उलटा करा. इथे सर्वांत खालचा टप्पा आधी पूर्ण उघडा, म्हणजे लॉक पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतात. लाट ओसरताना पायाखालची वाळू जाते आणि ट्रायपॉड खचतो. म्हणून पाय आधीच दाबून रोवा आणि प्रत्येक लाटेनंतर चौकट पाहा.

घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर ॲल्युमिनियमवर मिठाची पांढरी पूड धरायला लागते. पाय पूर्ण उघडून सावलीत वाळवा, ओले असताना आत सरकवू नका. पिळाचं लॉक करकरत असेल तर ते खोलून आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढा, कुठली कुठे होती त्याचा आधी मोबाइलवर फोटो घ्या, पुसा आणि तशाच परत बसवा. एका वेळी एकच पाय खोला. बॉल हेडच्या गोळ्याला मात्र तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, ते घर्षणावर चालतं. कोरड्या स्वच्छ कापडाने पुसलं की झालं.